पाटणकरांच्या गॅरेजचे स्क्रू

पाटणकर साहेबांनी खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि आमच्या शेडमधल्या टेबलावर उलटी केली. सात-आठ स्क्रू घरंगळत गेले. एक पिवळा, दोन काळे, बाकीचे चकचकीत पांढरे.

"मिरज, सांगली, कोल्हापूर. तिन्ही गावं पालथी घातली," ते म्हणाले. "स्क्रूला याच्यापलीकडे रंगच नसतात म्हणे. आता तुम्ही सांगा, जिनगर, यातला कुठला शोभेल यावर?"

आणि काखेत धरलेला वीतभर पॅनेलचा तुकडा त्यांनी मामांच्या पुढ्यात ठेवला.

मामा म्हणजे माझे सासरे, एकनाथ जिनगर. मिरजेत त्यांना सगळे जिनगर पेंटर म्हणून ओळखत. गाडीचं दार ठोकून सरळ केलं की तेवढ्या दाराला असा रंग मारायचे, की गाडीच्या मालकालाही कुठलं दार रंगवलं ते सांगता येऊ नये. रंगाचं पुस्तक नाही, माप नाही. एक स्टूल, चार डबे आणि दोन डोळे.

पाटणकर साहेब साखर कारखान्यातून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची बासष्ट सालची एक गाडी होती आणि तिच्यासाठी त्यांनी बंगल्याशेजारी नवं गॅरेज बांधलं होतं. लोक देवघर सजवतात, यांनी गॅरेज सजवलं. आतल्या चारी भिंतींना पुण्याहून खाचांचे पॅनेल आणले, हत्यारं टांगायला. पॅनेलबरोबर त्याच रंगाचे स्क्रूही आले होते, पण ते निघाले आखूड. आमच्याकडचा गिलावा जाड. स्क्रू भिंतीत पकडच घेईनात. लांब स्क्रू मिळाले तर रंग मिळेना.

"एवढे पॅनेल लावायचे आणि वर ही चकचकीत डोकी दिसायची," साहेब म्हणाले. "मला झोप लागणार नाही."

मामांनी तुकडा उचलला आणि शेडच्या उत्तरेच्या दाराशी जाऊन उभे राहिले. रंग उत्तरेच्या उजेडात बघायचा, उन्हात नाही, दिव्याखाली तर मुळीच नाही, हा त्यांचा दंडक. पॅनेल करडा होता, पारव्याच्या पाठीसारखा, आणि त्यात निळ्याची अगदी चाहूल.

"किती पायजेत?"

"सातशे."

"मंगळवारी न्या," मामा म्हणाले. "भिंतीवर एक जरी स्क्रू दिसला साहेब, तर पेंटर म्हणून नाव लावायचं सोडीन."

साहेब खूश होऊन गेले. मी पलीकडे एका गाडीच्या काचांना कागद चिकटवत होते, तो कागद तसाच सोडून वळले. कारण हे ऐकायला माझे मालकही तिथंच उभे होते.

मालकांचं नाव उत्तम. आता नाव घेतलं तर कुणी नाक मुरडत नाही, म्हणून घेते. उत्तमना रंगाचं अंग नाही. ठोकाठोकी झकास करतात, पण लाल आणि तांबूस यात त्यांना फार फरक वाटत नाही. ते गेलं वर्षभर रंग जुळवायचं कॉम्प्युटरचं मशीन घ्यायचं म्हणून मागं लागले होते. मशीन आलं की आप्पांनी, म्हणजे मामांनी, घरी बसावं, नातवंडं खेळवावीत, असं त्यांचं म्हणणं. वाईट बुद्धीनं नव्हे. पण आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून मामा घरात नुसते भिंतीकडे बघत बसत. जेवायला वाढलं तर अर्धी भाकरी. शेडमध्ये स्टुलावर बसले की तेवढाच माणूस जिवंत दिसायचा. ते स्टूल गेलं तर मामा किती दिवस काढतील, हा हिशेब मी मनाशी पुष्कळदा केला होता आणि उत्तर मला आवडत नव्हतं.

"आप्पा, सातशे स्क्रू आहेत," उत्तम म्हणाले. "चुकलं तर पाटणकर गावभर सांगतील. मोठा माणूस आहे. एवढं एक काम कोल्हापूरला मशीनवर जुळवून आणूया की."

"चुकलं तर आन तुझं मशीन," मामा म्हणाले. "मी उठतो हितनं."

दोघांनीही ते शब्द गांभीर्यानंच घेतले. बाप-लेक असेच, बोललं की बोललं.

बुधवारी सकाळी नऊला मामांनी रंग करायला घेतला. उत्तम कामासाठी कोल्हापूरला गेले होते, ते रविवारी येणार होते. रंग करताना मामांना हाताशी मीच लागायची. लग्न होऊन आले तेव्हा मला काचांना कागद चिकटवायला बसवलं होतं. हळूहळू मामांनीच मला डब्यांशी आणलं. "हिला दिसतंय," असं एकदा आत्यांना म्हणाले होते, आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी परीक्षा पास झाल्याची गोष्ट आहे.

"पांढरा धर," ते म्हणाले. मी ओतला. मग काळा, बोटभर. मग गेरू, चिमूटभर. मग ते काडीनं निळा सोडू लागले. एक थेंब, ढवळ. दुसरा थेंब, ढवळ. डाव्या अंगठ्याच्या नखावर रंग लावायचा, वाळू द्यायचा आणि नख नमुन्याला टेकवायचं, ही त्यांची रीत. तिसऱ्या थेंबाला रंग मला जुळल्यासारखा वाटला. त्यांनी चौथा सोडला. मग पाचवा.

"मामा, बास की आता," मी म्हणाले.

"अजून कुठं आलाय? हे बघ." त्यांनी नख पॅनेलला टेकवलं.

नख निळं दिसत होतं. पेनाची शाई गळावी तसं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते नखाकडे अगदी शांतपणे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर शंकेची सुरकुती नव्हती. त्यांनी आणखी दोन थेंब सोडले, मान हलवली आणि म्हणाले, "आता आला."

मी गप्प बसले. का गप्प बसले ते सांगते. सोळा वर्षांत मी त्यांना उलटून बोलले नव्हते. आमच्या घरात सुनेनं सासऱ्याची चूक तोंडावर काढायची नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मला माहीत होतं. आणि दुसरं, मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना. जिनगर पेंटर म्हणतायत आला, तर मी कोण नाही म्हणणारी?

गुरुवार-शुक्रवार आम्ही सातशे स्क्रू उभे केले. जाड पुठ्ठ्याच्या ताटाएवढ्या तक्त्यांना सुईनं भोकं पाडायची आणि प्रत्येकात एक स्क्रू खुपसायचा, डोकं वर. शंभर-शंभरचे सात तक्ते झाले. मामांनी लहान स्प्रे-गननं एकच पातळ कोट मारला. त्यांचा कोट कांद्याच्या पापुद्र्यासारखा बसायचा. स्क्रूच्या खाचेची कड अन् कड तशीच राहिली.

शनिवारी वाळल्यावर त्यांनी एक स्क्रू उपटला, पॅनेलच्या खाचेत ठेवला आणि मला हाक मारली.

"बघ. दिसतोय का कुठं?"

करड्यावर निळा ठिपका. तीन हातांवरून दिसत होता.

"नाही मामा," मी म्हणाले. "गेला की."

ते हसले. आत्या गेल्यावर मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं, आणि माझं तोंड कायमचं बंद झालं ते त्या हसण्यानं.

खरं तर मला त्या क्षणी भीती वाटायला हवी होती. वाटली नाही असं नाही, पण भलत्याच गोष्टीची वाटली. मला वाटलं, उत्तम रविवारी येतील, हे बघतील आणि त्यांनाही, रंगाचं अंग नसलेल्या माणसालाही, हे निळं दिसेल. मग मशीन येईल आणि मामा उठतील. डोळ्यांचं माझ्या मनात आलं नाही. कसं येईल? मामा रोज चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचायचे. सुईत दोरा ओवायला मी त्यांच्याकडे जायची आणि ते पहिल्या झटक्यात ओवून द्यायचे. मला वाटलं, वय झालं, मन ठिकाणावर नाही, एकदा हात चुकला. एकदा सावरून घेतलं तर काय बिघडलं.

रविवारी उत्तम आले ते तापानं फणफणत, थेट अंथरुणात. शेडकडे फिरकलेच नाहीत. हा दैवाचा कौल आहे असं मी मानलं. माणसाला जे करायचं असतं त्याला तो असे कौल शोधूनच काढतो.

सोमवारी शेडला सुट्टी. मामा त्यांच्या एका दोस्ताबरोबर सकाळच्या गाडीनं दंडोबाच्या डोंगरावर देवाला गेले. पोरं शाळेत. उत्तम गोळी घेऊन झोपलेले. मी सातही तक्ते मागच्या अंगणात आणले आणि रंग करायला बसले.

पहिला रंग फसला, फार काळवंडला. दुसरा पांढुरका झाला. तिसऱ्यांदा मी मामांसारखीच काडी धरली, थेंब सोडला, नखाला लावला, फुंकर घातली. भिंतीच्या सावलीत नख पॅनेलला टेकवलं आणि मला माझं नखच सापडेना. अकरा वाजले होते. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मी एकटीच अंगणात हसत होते. चोरी करायला आले होते आणि हाताला यश आलं म्हणून फुशारले होते.

गन मात्र माझ्या हातात बसलेली नव्हती. मामांच्या एका कोटाच्या जागी मी दोन मारले, काही ठिकाणी तीन, कारण खालचा निळा डोकावत होता. तीन वाजेपर्यंत सातशे झाले. थिनरचा वास सगळ्या घरात भरला होता. मामा चार वाजता येणार. मी चुलीवर तवा ठेवला आणि पसाभर मिरच्या खर्ड्यासाठी भाजायला घातल्या. सगळं घर खोकायला लागलं. आतून उत्तम म्हणाले, "तापलेल्या माणसाला मारायचा विचार आहे का?"

मामा आले, दारातच सहा वेळा शिंकले, प्रसादाचा नारळ माझ्या हातात दिला आणि काही न बोलता हातपाय धुवायला गेले.

मंगळवारी सकाळी ते माझ्या आधी शेडमध्ये पोचले होते. तक्ते मी जागच्या जागी ठेवले होते. त्यांनी एक स्क्रू उपटला, उत्तरेच्या दाराशी नेला, बराच वेळ बघितला. मग बोटांत फिरवला. मग परत जागेवर खुपसला. मी कागद फाडत होते.

"चहा सांग," ते म्हणाले. एवढंच.

दहा वाजता पाटणकर साहेब आले. स्क्रू पॅनेलवर ठेवून त्यांनी चष्मा काढला, चष्मा घातला, तुकडा लांब धरला. "जिनगर, तुमच्या हाताला सोन्याचं कडं घालायला पाहिजे," म्हणाले. पंधरा दिवसांनी त्यांनी आम्हां सगळ्यांना गॅरेज बघायला बोलावलं. भिंती अखंड दिसत होत्या, कुणी ओतून केल्यासारख्या. साहेब पाहुण्यांना म्हणत होते, "स्क्रू शोधून दाखवा." उत्तमनी भिंतीला नाक लावून एक शोधला आणि मागं वळून बापाकडे बघितलं.

"आप्पा, मशीन राहू दे आणखी," ते म्हणाले. "घाई काय आहे?"

त्या रात्री मामांनी दोन भाकरी खाल्ल्या. मी तिसरी पुढं केली तर अर्धी घेतली. मला वाटलं, माझ्यासारखी सून कुणाला मिळायची नाही.

एकदाच म्हणून केलेली गोष्ट एकदाच थोडी होते. पुढच्या महिन्यात एका जीपचं दार आलं, हिरवट निळं. मामांचा रंग पुन्हा भलतीकडे गेला. ते चहाला गेल्यावर मी दोन थेंब पिवळा सोडला. मग एक बोनेट. मग एक मडगार्ड. लाल, तपकिरी, काळा असला तर मामांचा रंग चोख यायचा. निळं, हिरवं, करडं आलं की मी ताटकळून बसायची, ते कधी उठतात म्हणून. आमची लय बसली होती. ते रंग करायचे, म्हणायचे "आला," आणि टपरीवर जायचे. परत यायला पुरता पाव तास लावायचे. पूर्वी चहा ते शेडमध्येच मागवायचे, हे माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्याही गोष्टी दिसत होत्या. शटरची कड त्यांच्या डाव्या कपाळाला दोनदा लागली. पाणी ओतताना तांब्या भांड्याच्या बाजूला जायचा. डावीकडून कुणी आलं की दचकायचे आणि खेकसायचे, "पुढनं या की रे, काय भुतासारखं." उत्तम म्हणाले, आप्पा चिडचिडे झालेत. मी म्हणाले, वय आहे. आणि मनात म्हणाले, मी आहे ना.

असे चौदा महिने गेले.

चौदाव्या महिन्यात, एका दुपारी, टपरीकडे जाण्यासाठी मामा शेडमधून रस्त्यावर उतरले आणि डावीकडून येणाऱ्या मालाच्या टेम्पोपुढे सरळ चालत गेले. टेम्पोवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचले. आरसा खांद्याला लागला, ते पडले, भुवई फुटली. टेम्पोवाला रडकुंडीला आला होता. "हॉर्न वाजवत होतो की हो," म्हणत होता, "माझ्याकडं बघूनच पुढं आले."

"दिसलाच न्हाई," मामा म्हणाले. रक्त पुसायला मी पदर लावला होता आणि त्यांचं वाक्य माझ्या अगदी कानाशी होतं.

दवाखान्यात टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी सहज म्हणून त्यांच्या डाव्या कानाशेजारी बोट हलवलं. "बाबा, समोर बघा. माझं बोट दिसतंय?"

"कुठलं बोट?" मामा म्हणाले.

त्यांनी आम्हाला तसंच डोळ्यांच्या विभागात पाठवलं. तिथं एका यंत्रात डोकं ठेवून मामांना बसवलं. बारीक दिवे लागतील, दिसला की बटण दाबायचं. मी बाजूला उभी होते. दिवे लागत होते, मला दिसत होते, आणि मामांचा अंगठा बटणावर तसाच पडून होता. मी मनातल्या मनात दाबा, दाबा म्हणत होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागद पुढं ठेवला. दोन गोल. डावा जवळजवळ सगळा काळा. उजव्यात मध्ये रुपयाएवढी पांढरी जागा.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू असता तर ऑपरेशन केलं असतं. यात नजर कडेकडेनं जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून वाचता येतं, सुई ओवता येते. गेलेली परत येत नाही. राहिली आहे ती थेंबांवर राखायची."

"आधी आलो असतो तर?" उत्तमनी विचारलं.

"वर्ष-दीड वर्षापूर्वी आला असतात तर उजवा पुष्कळ वाचला असता. डावाही काही." मग त्यांनी मामांना विचारलं, "आजोबा, तुम्ही पेंटर आहात ना? या रोगात निळ्या-पिवळ्यातला फरक आधी जातो बऱ्याचदा. रंगात कधी गडबड झाली होती का?"

"न्हाई," मामा म्हणाले. "माझ्या रंगावर कुणी बोट न्हाई ठेवलं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं.

उत्तम थेंब आणायला खाली औषधाच्या रांगेत गेले. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. मामांच्या भुवईवर पांढरी पट्टी होती आणि सदऱ्यावर रक्ताचे डाग वाळले होते. लोक समोरून जात होते, मामा त्यांच्याकडे बघत होते की नाही कळत नव्हतं. वर्ष-दीड वर्ष, त्या म्हणाल्या होत्या. मी बोटांवर मोजत होते आणि दर वेळी चौदा महिनेच येत होते.

"मामा," मी म्हणाले, "पाटणकरांचे स्क्रू मी परत रंगवले होते. सगळे."

"ठावं हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्याच मंगळवारी कळलं," ते म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "डोळ्याला न्हाई कळलं. नखाला कळलं. खाचेत रंग बसला हुता. माझा कोट खाच भरत न्हाई. पुढं त्येंचा सुतार चाळीसभर परत घेऊन आलता, पेचकसाचं टोक खाचेत बसंना म्हणून. तू बाजाराला गेलतीस. मी सुईनं कोरून दिले त्याला. म्हटलं, कुणाला बोलू नगंस."

"मग मला का बोलला नाही?"

"काय बोलू? माझा रंग चुकला म्हणून सुनेनं झाकला, हे मीच म्हणू? पयल्यांदा वाटलं, तू म्हणशील. आठ दिस वाट बघितली. तू म्हटली न्हाईस. मग म्हटलं, ही हाय तवर चालतंय. चहाला जात हुतो ते त्येच्यासाठीच की."

पहिल्यांदा, क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांना माहीत होतं, म्हणजे मी एकटी नव्हते. आणि लगेच दुसरं ध्यानात आलं. चौदा महिने आम्ही एका शेडमध्ये, तीन हातांच्या अंतरावर बसलो होतो आणि दोघांनाही माहीत होतं. दोघांपैकी एकानं एक वाक्य बोलायचं होतं. ते टपरीवर बसून माझ्यासाठी वेळ काढत होते आणि मी त्यांच्या डब्यात थेंब टाकत होते, आणि रोज थोडा थोडा तो कागदावरचा काळा रंग वाढत होता.

"तू एकदा तोंडावर म्हणायला पायजे हुतंस, शालन," मामा म्हणाले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हीपण," मी म्हणाले.

सोळा-सतरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा उलट बोलले. त्यांनी मान हलवली.

"मीपण."

समोरच्या जिन्यावरून उत्तम वर येताना दिसले. मला आधी दिसले. मामांना ते पुढ्यात आल्यावर दिसणार होते.

"उत्तम आला का?" पावलं ऐकून त्यांनी विचारलं, आणि आवाज खाली आणला. "त्याला यातलं काय सांगू नगंस. म्हातारपणानं झालं म्हण. उगं तुझ्यावर डाफरंल."

त्यांना अजून माझीच काळजी होती, आणि मला अजून त्यांची. उत्तम आमच्या शेजारी बसले. बाटलीवरचा कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागले. "सकाळ-संध्याकाळ एक-एक थेंब. एक दिवस चुकवायचा नाही, म्हणतात. आप्पा, खरंच कधी काही जाणवलं नाही का हो? आम्हाला तरी कसं कळलं नाही?"

मामांनी सदऱ्यावरचा वाळलेला डाग नखानं खरवडला.

"मला कळलं होतं," मी म्हणाले.

उत्तमनी बाटली खाली घेतली.

मी सगळं सांगितलं. बुधवारची सकाळ, निळं नख, सात तक्ते, सोमवार, मिरच्या. जीपचं दार, बोनेट, मडगार्ड. शटरची कड. काही लपवलं नाही आणि स्वतःला वाचवण्यासाठी काही पुढंमागं केलं नाही. उत्तमचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला, मग त्यांनी तोंड फिरवलं. पुढं कित्येक आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले, ते मला रास्तच वाटलं. मला वाटत होतं, मामा मध्येच उठून जातील. ते उठले नाहीत. मान खाली घालून ऐकत होते.

"पाटणकरांच्या स्क्रूंपासून सुरू झालं," मी म्हणाले. "तेव्हाच मी बोलले असते तर..."

मामांनी हात वर केला.

"तिथनं न्हवं," ते म्हणाले. "त्येच्याबी आदी."

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं.

"तुझी आई हुती तवा," ते उत्तमना म्हणाले. "तुझ्या मावशीच्या पोराचं लगीन हुतं. तिनं दोन साड्या माझ्यापुढं धरल्या. म्हणली, हिरवी नेसू का निळी? मला दोनी एकच दिसत हुत्या. मी निरखून बघितल्या, उजेडात नेऊन बघितल्या. एकच. मग म्हटलं, कुठलीबी नेस, तुला समदंच शोभतंय. आन ती लाजली."

उत्तमनी बापाचा हात धरला. मामा सांगत राहिले.